घोडा कोणाचे ऐकतो? बदली शिक्षकाच्या तासाविषयी एक संवाद

साशंक : घोडेस्वारीचा तास तिघांचा असतो : शिक्षक, स्वार आणि घोडा. महिनोन्महिने एकत्र काम केल्यावर या तिघांची जुळवणी होते आणि ती कुठे लिहिलेली नसते. कोणता घोडा रिंगणाच्या कोणत्या कोपऱ्यात बुजतो, कोणाला रिकिबीचा पट्टा एक भोक आखूड लागतो, पडल्यापासून कोणाचे हात लगामावर आवळलेले असतात, हे नेहमीच्या शिक्षकाला न विचारता माहीत असते. तो रजेवर गेला आणि बदली शिक्षक आला की ही माहिती त्याच्याबरोबर जाते. तास मात्र भरतो, आणि बहुधा नेहमीपेक्षा अवघड भरतो. कारण नवा माणूस आपल्या पद्धतीने सुरुवात करतो, घोडे अदलाबदल करून देतो, रिकिबी सोडून दुडकीवर बसायला सांगतो. इथे चुकीची किंमत मोठी असते. चारशे-साडेचारशे किलो वजनाचा, धोका वाटताच पळून जीव वाचवणारा प्राणी खाली असतो आणि स्वाराचे डोके जमिनीपासून आठ फुटांच्या आसपास असते. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट पाठीमागचा पट्टा एवढाच सुटतो. कुंपणाला अडकून फडफडणारी पिशवी स्वाराआधी त्याला दिसते. अशा कामात घोडा आणि स्वार दोघेही ज्याला अनोळखी आहेत त्याच्याकडे तास सोपवणे ही व्यवस्थेची सोय आहे. तिला शिक्षणाचे नाव देऊ नये, असा आक्षेप आहे.

समर्थक : जुळवणीचे हे वर्णन बरोबर आहे, पण तिच्या आड एक गोष्ट झाकली जाते. शिकवणीचा घोडा नवख्या स्वाराचे फारसे ऐकत नाही. तो मध्यभागी उभ्या असलेल्या शिक्षकाचे ऐकतो. शिक्षकाने 'दुडकी' म्हटले की स्वाराची टाच लागण्याआधीच घोडा चाल बदलतो. रांगेतला दुसरा घोडा पहिल्याच्या मागे वळतो आणि त्याच्यावरच्या मुलाला वाटते की आपण वळवले. साताऱ्याच्या परिसरात याची उदाहरणे उघड दिसतात. पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पर्यटक घोड्यावर बसतो, पण घोडा चालतो तो शेजारून चालणाऱ्या घोडेवाल्याच्या हाताने आणि आवाजाने. आषाढी वारीत लोणंदनंतर तरडगावाजवळ चांदोबाचा लिंब येथे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण होते. तिथे अंकलीच्या शितोळे सरकारांचे दोन अश्व धावतात : एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्यावर माणूस बसत नाही, माउली आरूढ असतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. हजारोंच्या गर्दीतून तो अश्व लगामाच्या ओढीशिवाय नेमका धावतो. घोडा सोबतच्या घोड्याकडे, सरावाच्या वाटेकडे आणि ओळखीच्या माणसांकडे किती लक्ष देतो, हे त्यातून कळते. तेव्हा नेहमीच्या तासाला स्वाराने जे साधले त्यातले किती त्याचे आणि किती इतरांचे, हा प्रश्न राहतोच. बदली शिक्षक मध्यभागी उभा राहिला की ओळखीचा आवाज नसतो, घोडा थांबून विचारल्यासारखा एक कान मागे वळवतो, आणि प्रथमच स्वाराला स्वतः सांगावे लागते. तास अवघड होतो तो इथे.

साशंक : एखादी गोष्ट उघड होणे आणि ती शिकवली जाणे यांत अंतर आहे. याचा प्रसिद्ध दाखला बर्लिनच्या हान्स या घोड्याचा. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त शिक्षकाने त्याला गणित शिकवल्याचा दावा केला होता. हान्स खुराने टापा देऊन बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देई. १९०४ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने पाहणी केली, तेव्हा लबाडी आढळली नाही. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये निष्कर्ष मांडला : प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स चुकतो. विचारणारा टापा मोजायला किंचित पुढे झुके तेव्हा घोडा सुरुवात करी, आणि योग्य आकडा येताच त्याचे डोके नकळत वर होई तेव्हा थांबे. तुमच्या म्हणण्याला यातून बळ मिळते हे मान्य. घोडा माणसाच्या अंगातले इतके बारीक बदल वाचतो, तर मध्यभागी कोण उभा आहे याने त्याला फरक पडणारच. पण पुढचा भाग पाहा. खुणा काढून घेतल्यावर हान्स गणित शिकला नाही. तो फक्त चुकू लागला. नेहमीच्या आवाजाचा आधार गेलेल्या विद्यार्थ्याचेही तसेच होऊ शकते. तो टाच मारतो, घोडा हलत नाही; तो जोरात मारतो, घोडा दचकून उडी घेतो; तो घाबरून लगाम ओढतो. तासाअखेरी त्याला एवढेच कळते की आपल्याला येत नाही. आणि यात घोड्याचेही नुकसान होते. घोड्याचे शिक्षण दाब आणि सुटका यांवर चालते : पायाचा किंवा लगामाचा दाब येतो, घोडा योग्य उत्तर देतो, त्याच क्षणी दाब सुटतो. त्या सुटकेतून त्याला कळते की हेच हवे होते. गोंधळलेला स्वार दाब देतो पण सोडत नाही. असे वारंवार झाले की घोड्याची कूस टाचेला बधिर होते आणि तोंड लगामाला जड होते. ज्या घोड्याने पुढच्या दहा मुलांना शिकवायचे, त्याचे हे नुकसान बदली शिक्षकाच्या हिशेबात नसते, कारण तो उद्या तिथे नसतो.

समर्थक : घोड्याचा मुद्दा जड आहे आणि त्याकडे परत यावे लागेल. विद्यार्थी काहीच शिकत नाही हे मात्र मान्य करता येत नाही. शरीराची कौशल्ये कशी पक्की होतात यावर बरेच संशोधन झाले आहे. १९७८ मध्ये रॉबर्ट केर आणि बर्नार्ड बूथ यांनी लहान मुलांना छोट्या पिशव्या नेमक्या जागी टाकण्याचा सराव दिला. आठ वर्षांच्या मुलांपैकी एका गटाने तीन फुटांवरूनच सराव केला. दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून केला, तीन फुटांवरून कधीच नाही. परीक्षा तीन फुटांची होती, आणि वेगवेगळ्या अंतरांवर सराव केलेला गट सरस ठरला. पुढच्याच वर्षी जॉन शी आणि रॉबिन मॉर्गन यांनी दाखवले की हालचालींचे प्रकार मिसळून सराव केला तर सरावाच्या वेळी कामगिरी वाईट दिसते, पण शिकलेले टिकते जास्त. रॉबर्ट बियॉर्क यांनी १९९४ मध्ये याला 'इष्ट अडचणी' असे नाव दिले. तासात अडखळणे म्हणजे तास वाया जाणे नव्हे, हा त्याचा गाभा. घोडेस्वारीत याचा अर्थ सरळ आहे. एक शिक्षक वर्षभर 'टाच खाली' म्हणतो. नवा शिक्षक टाचेचे नावही काढत नाही. तो 'मांडीतून सैल हो, वजन रिकिबीत उतरू दे' असे सांगतो. दोघांना हवे असते एकच : पायाचे वजन खाली जावे, पाऊल रिकिबीतून आरपार घसरू नये, मांड गुडघ्याच्या पकडीवर न राहता तोलावर राहावी. दोन वाटांनी एकाच ठिकाणी पोचलेल्याला ते ठिकाण कळते. इतिहासही याच बाजूने बोलतो. शिवकालीन घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणी, बारगिराला मात्र घोडा सरकारी पागेतून मिळे. प्रतापराव गुजर खटाव भागातल्या भोसऱ्याचे, आणि १६७४ मध्ये नेसरीच्या लढाईत ते पडल्यावर सरनोबत झालेले हंबीरराव मोहिते कऱ्हाडजवळच्या तळबीडचे. या मातीतल्या सरनोबतांनी ज्या फौजा चालवल्या, त्यांतले बारगीर स्वतः न घडवलेल्या घोड्यांवर लढले. एकाच घोड्यावर, एकाच माणसाच्या नजरेखाली ज्याला बसता येते, त्याची स्वारी अजून पुरी झालेली नाही.

साशंक : पिशव्यांच्या प्रयोगातून स्वारीचा निष्कर्ष काढताना थांबायला हवे. चुकीच्या अंतरावर पडलेली पिशवी उधळत नाही. त्याच संशोधनशाखेने अडचणीची मर्यादाही सांगितली आहे. मार्क ग्वाडाग्नोली आणि टिमोथी ली यांनी २००४ मध्ये मांडले की आव्हान शिकणाऱ्याच्या पातळीशी जुळले तरच उपयोगी पडते; नवख्याला झेपेल त्याहून जास्त दिले तर शिकणे घटते. म्हणजे मात्रा ठरवायला शिकणाऱ्याची ओळख हवी, आणि बदली शिक्षकाकडे नेमकी तीच नसते. बारगिराच्या दाखल्यातही निम्मीच गोष्ट सांगितली गेली. बारगिराच्या मागे एक घट्ट रचना होती. सभासदाच्या बखरीत दिल्याप्रमाणे पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद असे. घोडा बदलला तरी व्यवस्था एकच राही. आजच्या सैनिकी प्रशिक्षणातही तसेच दिसते : खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत छात्रांना स्वारी शिकवली जाते, तिथे हुकूम, क्रम आणि अंग धरण्याची रीत ठरलेली असते. उस्ताद बदलला तरी भाषा बदलत नाही. लहान गावातल्या वर्गात असा पाया नसतो. बदली शिक्षक लष्करातून निवृत्त झालेला असेल, शर्यतीच्या तबेल्यातून आलेला असेल, किंवा लग्नाच्या वरातीत नाचणारे घोडे तयार करणारा असेल. तिघेही जाणकार असतात, पण तिघांच्या खुणा परस्परविरोधी असू शकतात. शर्यतीचा घोडा लगामाला तोंड टेकवून पळायला शिकलेला असतो. त्याला ओढून धरले की तो आणखी जोर करतो. शाळेच्या घोड्याला लगामाचा दाब म्हणजे सावकाश. वरातीच्या घोड्याला आखडलेला लगाम आणि पायाची टोचणी म्हणजे जागच्या जागी नाच. 'लगाम आखडून धर' या एका सूचनेचे तीन घोड्यांवर तीन परिणाम होतील. याला सरावातली विविधता म्हणता येत नाही. हा खुणांचा विरोध आहे, आणि विरोधातून नवखा स्वार नियम काढू शकत नाही.

समर्थक : विविधता आणि विरोध यांतला हा भेद स्वीकारायलाच हवा. त्यामुळे दावा आखडता घ्यावा लागतो : कोणताही बदली शिक्षक नव्हे, तर विशिष्ट रीतीने तास घेणारा. ती रीत सांगता येते. असा शिक्षक आधी घोडा जमिनीवर पाहतो : चालताना पाय आखडतो का, पाठीवर खोगिराखाली हात दाबला तर कातडी थरथरते का, कान कुठे आहेत. पश्चिमेच्या घाटपट्ट्यात पावसाची झड लागली की घोडे पागेत उभे राहतात. खुराक तोच राहिला असेल तर अंगात साचलेला जोर पहिल्या मोकळ्या दिवशी बाहेर येतो. म्हणून स्वार बसवण्याआधी तो घोड्याला लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी फिरवतो. तंग स्वतः तपासतो, आणि दहा मिनिटे चालवल्यावर पुन्हा तपासतो, कारण बरेच घोडे तंग आवळताना छाती फुगवतात आणि नंतर पट्टा ढिला पडतो. शिरस्त्राणाचा पट्टा, रिकिबीची लांबी पाहतो. मग चालीवरच काम सुरू करतो : ठरल्या खुणेपाशी थांबणे, तीन पावले चालून पुन्हा थांबणे, रांग सोडून एकट्याने वळणे, एकसारखे वर्तुळ काढणे. रिकिबीविना बसवायचे तर आधी चालीवर. दोन्ही पाय रिकिबीतून काढून खाली उतरण्याचा सराव तो उभ्या घोड्यावर करून घेतो. हे सगळे अवघड आहे. सोबतच्या घोड्यांपासून एकट्याला दूर नेणे तर पुष्कळांना दौडीपेक्षा कठीण जाते. पण यात वेग नाही. अडचण आणि धोका ही दोन वेगळी मापे आहेत. चालीवर नेमके वर्तुळ काढणे अवघड असते, धोक्याचे क्वचितच. मोकळ्या माळावर भरधाव सुटणे धोक्याचे असते, पण घोडा घराच्या दिशेने जात असेल तर त्यात अवघड काहीच नाही. चांगला बदली शिक्षक पहिले माप वाढवतो आणि दुसरे जिथल्या तिथे ठेवतो. ज्याला हा फरक कळत नाही त्याच्या हाती तास देऊ नये, एवढे मान्य.

साशंक : अडचण आणि धोका यांची फारकत विचाराला मदत करते, पण घोड्याच्या पाठीवर ती फार वेळ टिकत नाही. मध्ये भीती उभी असते. घाबरलेल्या स्वाराचा श्वास अडकतो, गुडघे मिटतात, टाच वर येते, हात छातीकडे सरकतात आणि अंग पुढे झुकते. गुडघ्यांची पकड आवळली की वजन वर जाते आणि मांड सुटते. वर आलेली टाच कुशीला लागते, म्हणजे घोड्याला पुढे जाण्याची खूण मिळते. त्याच वेळी लगाम ओढला जातो, म्हणजे थांबण्याची खूण मिळते. विचारणाऱ्याच्या डोक्याची हालचाल वाचणाऱ्या प्राण्याला हे सारे ठळक कळते. एकाला जी निव्वळ अडचण आहे, ती दुसऱ्याच्या अंगात भीती होऊन घोड्यापर्यंत पोचते आणि खरोखरीचा धोका बनते. म्हणून ही रेषा प्रत्येक जोडीसाठी वेगळी असते, आणि ती ओळखायला त्या स्वाराची भीती कशी दिसते हे आधी पाहिलेले असावे लागते. काही मुले घाबरली की बडबडतात, काही एकदम गप्प होतात, काही हसतात. यात आपल्याकडची एक अडचण भर घालते. लहानपणापासून शिकवलेले असते की सरांनी सांगितले की करायचे. नेहमीच्या शिक्षकाजवळ मूल कधीतरी 'आज नको' म्हणते. पाहुण्या शिक्षकासमोर, सगळ्यांच्या देखत, ते म्हणत नाही. मोठी माणसेही म्हणत नाहीत. त्यांना वय आणि भरलेली फी दोन्ही आड येतात. चालीवर काम सुरू करणारा चांगला शिक्षकसुद्धा 'जमेल ना?' असे विचारून 'हो' ऐकतो आणि पुढे जातो. त्या 'हो'मध्ये किती संकोच मिसळला आहे, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो.

समर्थक : ही सर्वांत खरी हरकत आहे, आणि तिचे उत्तर बदली शिक्षकाकडे नाही, ते नेहमीच्या शिक्षकाकडे आहे. नकार देणे हे स्वारीचेच एक कौशल्य आहे आणि ते लगाम धरण्याबरोबर शिकवले पाहिजे : मी आज दौड करणार नाही, मला हा घोडा झेपत नाही, मला आत्ता उतरायचे आहे. हे म्हणण्याने अपमान होत नाही, हे विद्यार्थ्याला पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळाले पाहिजे. जो शिक्षक आपल्या मुलांना आपल्यालाच 'नाही' म्हणायला शिकवतो, त्याच्या गैरहजेरीत ती मुले सुरक्षित राहतात. दुसरे उत्तर हस्तांतराचे. नेहमीच्या शिक्षकाने मागे एक कागद ठेवावा, आणि त्यावर काय लिहायचे व काय लिहायचे नाही हे नीट ठरवावे. घोड्याची सवय लिहावी : डाव्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकलला बुजतो, मागून दुसरा घोडा जवळ आला तर लाथ मारतो, तोंडात जखम आहे म्हणून कडियाळ बदलले आहे. कोणते खोगीर कोणाला, कोण नुकते पडले, कोणाचे दुखणे काय, हेही लिहावे. स्वाराविषयीचे मत मात्र लिहू नये. 'हा भित्रा आहे', 'हिला कधी जमणार नाही', 'याला फक्त म्हातारी घोडीच द्या' असे शेरे पुढे गेले की नव्या नजरेचा फायदा संपतो. वर्षभर एकाच चुकीकडे पाहणाऱ्या शिक्षकाला ती चूक दिसेनाशी होते. विद्यार्थी तिरका बसतो आणि दोघांनाही ते सरळ वाटू लागते. नव्या माणसाला तिरकेपण पहिल्या वळणावर दिसते. नोंदी द्याव्यात, निवाडे देऊ नयेत. असे केले तर अनोळखीपणातला धोका कमी होतो आणि त्यातला लाभ शिल्लक राहतो.

साशंक : नोंद आणि निवाडा कागदावर वेगळे करता येतात, वाचणाऱ्याच्या मनात ते वेगळे राहत नाहीत. 'मागच्या महिन्यात पडली' ही नोंद वाचताच नवा शिक्षक तिला शांत घोडा देतो, म्हणजे तो निवाडा झालाच. आणि ती नोंद लपवली तर सुरक्षितता जाते. सुरक्षिततेला माहिती जितकी जास्त तितकी बरी, आणि ताज्या नजरेला ती जितकी कमी तितकी बरी. दोन्ही एकाच वेळी पुरेपूर मिळणार नाहीत. प्रत्येक हस्तांतरात कशाला तरी मुरड घालावी लागेल, आणि पडणाऱ्याचे हाड मोडू शकते हे लक्षात घेता ती मुरड ताज्या नजरेला घालावी, असे माझे म्हणणे राहील. शिवाय घोड्याच्या वतीने कागद कोण लिहिणार, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर खरे तर घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराकडे असते. खरारा करताना कोणत्या जागी अंग चोरतो, तोबरा अर्धा का टाकला, आज पाय का आपटतो, हे त्याला शिक्षकाआधी माहीत असते. पण तासाच्या आखणीत त्याला कोणी विचारत नाही. शेपटीचे झटके, डोक्याचा झोका, मागे चिकटलेले कान या घोड्याच्या हरकती आहेत. घाईच्या तासात त्यांना 'नाटके करतो' असे म्हणून आणखी एक टाच मारली जाते. विद्यार्थ्याला नकार शिकवायचा तर घोड्याचा नकार ऐकायलाही शिकवले पाहिजे. नाहीतर नवी अडचण एकाने पेलायची आणि तिचा भार दुसऱ्याने सोसायचा, असे होईल.

समर्थक : मोतद्दाराचे नाव या चर्चेत फार उशिरा आले, ही उणीव कबूल करायला हवी. शिक्षक बदलला तरी बहुतेक पागांत एक माणूस बदलत नाही, तो हाच. बदली शिक्षकाने तासाआधी त्याच्याशी बोलणे हे कोणत्याही कागदापेक्षा मोलाचे ठरेल. भीमेच्या खोऱ्यात आणि पुढे सातारा-सोलापूरकडे मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगर कुटुंबांत भीमथडी घोडी बिऱ्हाड वाहतात. त्यांना घरातले कोणीही, बायामाणसे आणि पोरेसुद्धा, हाकतात. ते जमते, कारण घोडीची माहिती एकट्याकडे नसते, सगळ्या घराकडे असते. तिथे बदली माणूस असा कोणी नसतोच. शिकवणीच्या पागेतही माहिती अशी वाटलेली असेल, तर शिक्षकाच्या रजेने सगळे कोलमडणार नाही. सांगली भागाला तर मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाचे महत्त्व नव्याने सांगायला नको. अंकलखोपचे विष्णुपंत छत्रे कुरुंदवाडच्या संस्थानिकांकडे अश्वविद्येचे जाणकार म्हणून होते, आणि १८८० मध्ये त्यांनी पहिली भारतीय सर्कस उभी केली. पुढे तासगाव, म्हैसाळ या गावांनी सर्कशीला मालक आणि कलावंत पुरवले. सर्कशीचे रिंगण बेचाळीस फूट व्यासाचे. लंडनच्या फिलिप अॅस्टलीच्या काळापासून चालत आलेले हे माप धावत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहण्याच्या सोयीने ठरले. तिथे घोड्याची लय मध्यभागचा माणूस सांभाळतो, म्हणूनच पाठीवरच्या कलावंताला कसरत करता येते. सर्कशीत हे योग्यच आहे, कारण ही भागीदारी कायमची असते. स्वारीच्या शिक्षणात ती तात्पुरती असायला हवी. मध्यभागचा माणूस एके दिवशी बाजूला व्हावा आणि स्वार व घोडा यांचे परस्पर जमावे, यासाठीच सगळे शिकणे असते. बदली शिक्षकाचा तास हा त्या दिवसाचा छोटा, अपुरा नमुना असतो.

साशंक : मग वादाचा मुद्दा आता नेमका सांगता येतो. मध्यभागचा माणूस बाजूला व्हावा यावर दुमत नाही. तो केव्हा व्हावा आणि ते कोणी ठरवावे, यावर आहे. नेहमीचा शिक्षक हळूहळू मागे सरतो, तेव्हा तो मात्रा ठरवतो : आज आवाज कमी, उद्या रांगेतून एकट्याला बाहेर, परवा दुसरा घोडा. रजेमुळे आलेल्या बदलीत ती मात्रा कोणीच ठरवलेली नसते. रजेची तारीख ठरवते. विद्यार्थी त्या आठवड्यात तयार असेल तर तास त्याला मोठा करील, नसेल तर महिनाभर मागे नेईल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्या सारख्याच दिसतात, कारण दोन्हीत स्वार अडखळतोच. म्हणून तास चांगला झाला का, हे त्याच संध्याकाळी ठरवू नये. पुढच्या तासांत ते दिसेल : स्वार नेहमीच्या शिक्षकाचा आवाज येण्याआधी स्वतः टाच लावतो का, की आणखी घट्ट धरून बसतो, आणि घोडा खोगीर पाहून मान पुढे करतो, की कोपऱ्यात सरकतो.

समर्थक : ही कसोटी मान्य आहे, आणि तीत घोडा आला हे महत्त्वाचे. एक मतभेद मात्र शिल्लक राहतो आणि तो राहू द्यावा. नेहमीच्या शिक्षकाने ठरवलेली मात्रा सुरक्षित असते. पण ती त्याच्या नजरेइतकीच मोठी असते. ज्याला तो 'अजून तयार नाही' समजतो, तो कदाचित वर्षभरापूर्वीच तयार झालेला असतो, आणि हे त्या शिक्षकाला कधीच कळणार नाही. रजेच्या तारखेने केलेला बदल आंधळा असतो हे खरे. पण ओळखीच्या माणसाची काळजीही एका बाजूला आंधळी असते. यांतला कोणता आंधळेपणा अधिक महाग, हे सर्वांसाठी एकदाच ठरवता येत नाही. स्वार, घोडा आणि पागा पाहूनच ते दर वेळी ठरवावे लागेल. ठरवणाऱ्यांत मोतद्दार असावा, आणि घोड्यावर बसणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचा हक्क असावा. एवढ्या अटी पाळल्या तर अवघड तास घ्यावा. त्या पाळता येत नसतील, तर त्या दिवशी घोड्यांना खरारा करावा, नाल पाहावेत, खोगिरांची देखभाल शिकावी. तोही स्वारीच्या शिक्षणाचाच तास आहे.

साशंक : त्या शेवटच्या वाक्यावर पूर्ण एकमत आहे. बाकीचा प्रश्न प्रत्येक पागेने आपल्या घोड्यांसमोर उभे राहून सोडवायचा आहे.